फोटो 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावसारखं आमच्याही गावात साहित्य संमेलन असतं. यंदाच्या स्मरणिकेत गावच्या भजनी मंडळाचा जुना फोटो घालायचा होता. माझे वडील त्यात मागच्या रांगेत टाळ छातीशी धरून उभे आहेत, वय सोळा. त्या वयातला त्यांचा दुसरा फोटो आमच्या घरात नाही.

छापखान्यात पान लावणाऱ्या पोरानं फोटो मोठा केला, तर वडिलांच्या तोंडाच्या जागी नुसते चौकोन. ज्यानं स्कॅन केला होता त्याला फोन लावला. "काका, मी पाठवलोय की व्हॉट्सअपला!" पाठवला होताच. पण मूळ स्कॅन मोबाईल बदलताना गेलं, आणि भिंतीवरची फ्रेम त्याच्या आधीच्या पावसाळ्यात ओल धरून खराब झाली. आता उरलाय तो एवढाच दाबलेला फोटो. दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून टाकलात की तो लहान केला जातो. एचडी निवडलं तरी थोडा दाबला जातोच. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी पोचते. जीमेलला २५ एमबीच जातं, त्यापुढं ड्राईव्हची लिंक द्यावी लागते. फक्त आधार, जमिनीचा उतारा असलं काही असेल तर लिंक सगळ्यांना खुली ठेवू नका, ज्याला द्यायचं त्याचाच ईमेल घाला.

आपल्या भागातला आणखी एक त्रास पुण्या-मुंबईकडं कळायचा नाही. पत्रिकेत वर कन्नड जुन्या नुडी फॉन्टात, खाली मराठी श्रीलिपी फॉन्टात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट नसले की दोन्ही भाषांचा इंग्रजी अक्षरांचा काला होतो, कारण आत साठलेली असतात इंग्रजीचीच अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांना आपला आकार देतो. छपाईला द्यायचं तर फॉन्टसकट पीडीएफ करा. पुढं कधी लागेल असं वाटणारा मजकूर मात्र युनिकोडमध्येच (ज्यात प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो) टाईप करा, कन्नड असो की मराठी.

आणि एकाच ॲपवर सगळा भार टाकू नका. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ ॲप बंद केली, त्यात फाईल पाठवायची शेअरइट आणि झेंडर होती. आमची पोरं सगळं त्यावरूनच द्यायची. त्याच्या महिनाभर आधी फाईल पाठवायची वेबसाईट वीट्रान्सफरही भारतात अडवली होती. गूगलची १५ जीबी फुकट जागा मेल, ड्राईव्ह, फोटो तिघांत मिळून असते, आणि दोन वर्षं न उघडलेलं खातं ते काढून टाकू शकतात. वारलेल्या माणसाच्या खात्यात फोटो असतील तर आजच उतरवून घ्या.

मी स्वतः सिंकथिंग नावाचा प्रोग्रॅम वापरतो, तो दोन मशीनवरचं फोल्डर सारखं ठेवतो. फुकट आहे, फाईल कुठल्या कंपनीकडं साठत नाही, माझ्या एका मशीनवरून दुसऱ्यावर जाते. दोन्ही मशीन एका वेळी चालू पाहिजेत एवढंच. पण इथं खोडलं की तिथंही खोडलं जातं, त्यामुळं हार्डडिस्कवर वेगळी प्रत ठेवतोच.

स्मरणिकेत तो फोटो शेवटी तिकिटाएवढा छापला. मंडळात त्या वेळी असलेल्यांपैकी कुणाच्या घरी, पेटीत, जुन्या अल्बममध्ये त्याची दुसरी प्रत असेल तर कळवा. मी स्कॅनर घेऊन घरी येतो.