झोपलात तर संपलात म्हणे!

आज सकाळी सोलापुरात, सात रस्ता चौकात रिक्षा सिग्नलवर थांबली आणि समोर हा भलामोठा फ्लेक्स. कुठल्याशा क्लासचा. टॉपर पोरांचे ओळीनं फोटो, मधोमध हाताची घडी घातलेले सर आणि खाली लाल अक्षरात, ‘झोपलात तर संपलात’. मी फोटो काढायला लागले तर रिक्षावाला म्हणतो, “नातवाला घालायचंय काय मॅडम क्लासला? लै भारी हाय म्हणतेत.” त्याला काय सांगणार, डोंबल!

तीस वर्षं या गावात मानसशास्त्र शिकवलं. पीएचडी झोपेवर. ‘मॅडमनी झोपा काढून डॉक्टरेट मिळवली’ हा विनोद आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात पंगत उठेपर्यंत एकदा तरी होतोच, आणि मीही हसते. आज मात्र डोकं फिरलं.

१९९७ ची गोष्ट. आमचं कॉलेज सकाळचं, साडेसातला एस.वाय.चा तास. मी रंगात येऊन शिकवतेय. शिकागोचे झोपेचे अभ्यासक क्लाइटमन, त्यांचा विद्यार्थी अ‍ॅसेरिन्स्की, त्यानं स्वतःच्या आठ वर्षांच्या पोराच्या डोक्याला तारा लावून रात्र रात्र जागवलेलं ते मशीन, आणि १९५३ साली जगाला कळलेली गोष्ट : झोपेत बंद पापण्यांआड डोळे पळत असतात. आणि तिसऱ्या बाकावर एक मुलगी ढाराढूर. मी तिला उभं केलं. “झोपेवर तास चाललाय म्हणून लगेच प्रात्यक्षिक?” वर्ग खो खो हसला. मीही हसले. ती तास संपेपर्यंत उभी होती.

त्या टर्मला मी प्रॅक्टिकलला झोपेची डायरी दिली होती. आमच्या प्रयोगशाळेत मेंदूचा आलेख काढायचं यंत्र कुठलं यायला! स्टॉपवॉच, पाठांतराच्या प्रयोगाला शब्द एकेक दाखवणारा मेमरी ड्रम आणि आरशात बघून चांदणी गिरवायचं ते खोकं, एवढाच संसार. डायरीला पैसे लागत नाहीत. १४ दिवस, रोज किती वाजता पडलात, कधी जाग आली, का आली. तिची डायरी आली. ‘जाग येण्याचे कारण’ या रकान्यात सुबक अक्षरात : पाणी. माग. पाणी. आजीचा खोकला. पाणी. घर अशोक चौकाच्या मागे, खाली यंत्रमाग, वर हे सहा जण. बोळात नळ यायचा रात्री अडीचला. साडेबाराला पडायचं, अडीचला उठून भरायचं, पावणेचारला पुन्हा पाठ टेकायची, साडेपाचला उठून कॉलेज. आणि शेवटच्या रकान्यात, ‘झोप पुरेशी झाली का?’, चौदाही दिवस ‘हो’.

माझ्या पीएचडीचा विषय तिथून निघाला. व्हायवाला अर्थातच हे सांगितलं नाही, तिथं संदर्भ सांगितले.

मग रात्रपाळीच्या कामगारांकडे झोपेची प्रश्नावली घेऊन हिंडले. अमेरिकेतल्या पिट्सबर्गची, १९ प्रश्नांची, १९८९ ची, जगभर वापरतात. पहिलाच प्रश्न : गेल्या महिन्यात तुम्ही साधारण किती वाजता झोपायला जात होता? एक काका माझ्याकडे बघतच राहिले. “कुठल्या पाळीचं सांगू, बाई?” आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाला ‘साधारण’ नसतं, हे पिट्सबर्गच्या लोकांना माहीत नसावं. सोलापूरच्या बाईला तरी कुठं होतं? वर निम्म्या घरांत तेलुगू. दुभाषा म्हणून त्यांचीच चौथीतली पोरं.

असो. त्या फ्लेक्सवाल्या सरांकडे येते.

सर, १९२४ साली, म्हणजे शंभर वर्षं झाली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या. पाठ करून आठ तास झोपले तर १० पैकी पाच-सहा आठवायचे. आठ तास जागे राहिले तर जेमतेम एक. दोनच पोरं होती, मान्य. पण तुमचं अख्खं दुकान पाठांतरावर चालतं आणि पाठांतर पक्कं करणारी गोष्टच तुम्ही पोरांकडून काढून घेता! शिकागोच्याच रेक्टशाफेन यांनी उंदरांना सलग जागवलं, काही आठवड्यांत उंदीर मेले. लावा ना हे फ्लेक्सवर. लाल अक्षरात.

हो, स्पर्धा आहे. हो, चार तास झोपून पोरं मेडिकलची ‘नीट’ परीक्षा काढतात, माझ्याच भावाच्या मुलानं काढली. पुढं बोलू नका.

आणि सरकार! २०२४ ला आदेश काढला, चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी नको. चांगलंच केलं, चिमुरड्यांनाही झोप लागते. पण वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री अकरापर्यंत झोपच येत नाही. मेरी कार्सकॅडन बाईंनी सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डला मुलांची उन्हाळी शिबिरं भरवून मोजलं, तर मोठी पोरंही, झोपू दिलं की सव्वानऊ तास झोपत होती. गरज कमी झालीच नव्हती. आपल्याकडे त्याच वयाची पोरं पहाटे साडेपाचला होटगी रोडनं क्लासला निघालेली, सायकलवर पेंगत. त्यांच्यासाठी आदेश नाही.

खूप चिडून लिहिलं. चहा घेऊन आले.

आता राहिलेलं सांगते, कारण फ्लेक्सवाल्याला शिव्या देऊन मी सुटणार नाही. त्या मुलीची डायरी अजून माझ्या कपाटात आहे. आज काढून बघितली. शेवटच्या पानावर माझा शेरा आहे, लाल पेनानं : ‘रात्री लवकर झोपण्याची सवय लावावी.’ १० पैकी ६. चौदा दिवसांचं ‘पाणी, पाणी’ वाचून हे लिहिलंय मी! तेव्हा तरी आमच्याकडे टाकी होती, वर मोटर होती, रात्री उठणारी आई होती.

ती कुठं असते माहीत नाही. पुण्याला गेली असं कुणीतरी म्हणालं होतं. तिला टॅग करता येत नाही, आणि करून तरी काय लिहिणार.

आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे. आलं तर दीडला येईल. गजर लावलाय. कमेंटला उत्तरं उद्या.