तुमच्या एक ताऱ्याच्या परीक्षणाला उत्तर: सेव्ह न केलेलं काम आमच्यामुळे गेलं, पण अपडेट बंद ठेवू नका

नमस्कार.

तुम्ही आमच्या अपडेटरला, म्हणजे संगणकावरच्या इतर प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या आणून बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला, एक तारा दिलात आणि का दिलात तेही सविस्तर लिहिलंत. कंपनी माझी आहे, म्हणून उत्तर मीच लिहिते आहे. आमच्या मदत विभागाने तुम्हाला ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, संगणक रीस्टार्ट करून पाहा’ एवढंच ठरावीक उत्तर पाठवलं होतं, तेही पाच दिवसांनी. ज्याचं काम गेलं आहे त्याला असं उत्तर पाठवायचं नसतं. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगते. रात्री एका मुलाखतीचं ध्वनिसंपादन चालू होतं. आमच्या सॉफ्टवेअरने तो प्रोग्राम मध्येच बंद करून त्यावर नवी आवृत्ती टाकली आणि चाळीस मिनिटांचं काम गेलं. नव्या आवृत्तीत दोन जुने प्लगइन (प्रोग्रामला वरून जोडलेले छोटे पूरक भाग) चालेनात. आणखी एक प्रोग्राम रोज अपडेट करूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘जुना’ म्हणून यादीत यायचा. शेवटी तुम्ही आमचं सॉफ्टवेअर काढून टाकलंत, सगळ्याच प्रोग्रामांचे अपडेट बंद केलेत आणि लिहिलंत, “जे चाललंय ते चालू द्यावं, अपडेटर हा प्रकारच नको.”

तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. शेवटचं वाक्य मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे लिहिलं आहे.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. संपादनाचे बरेच प्रोग्राम सेव्ह न केलेलं काम एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवत असतात आणि पुन्हा उघडल्यावर ते परत हवं का असं विचारतात. तुम्ही तो प्रोग्राम त्यानंतर उघडला नसेल, तर डिस्क साफ करणारं कोणतंही साधन आधी चालवू नका. तात्पुरत्या फाइली पुसल्या गेल्या की ती शक्यताही संपते. काम मिळेलच असं मी म्हणत नाही, पण बघण्याआधी पुसू नका.

आता त्या रात्रीबद्दल. तक्रारीसोबत तुम्ही पाठवलेली लॉग फाइल, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरने कधी काय केलं याची नोंदवही, आमच्याकडे कुणीच उघडली नव्हती. परवा मी स्वतः उघडली. ११ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंदांनी नोंद आहे: ‘प्रोग्राम चालू आहे, बंद होण्याची विनंती पाठवली.’ बरोबर साठ सेकंदांनी पुढची ओळ: ‘प्रतिसाद नाही, प्रोग्राम थांबवला.’ त्या साठ सेकंदांत तुमच्या प्रोग्रामने जे करायला हवं ते केलं होतं. ‘बदल सेव्ह करायचे का?’ ही चौकट त्याने उघडली होती. पण तुम्ही त्या वेळी ब्राउझरमध्ये होतात आणि ती चौकट मागे राहिली. आमच्या सॉफ्टवेअरने तुमच्या गप्प राहण्याला होकार मानलं आणि प्रोग्राम सक्तीने बंद केला. त्या प्रोग्रामचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याचा यात काडीचा दोष नव्हता.

साठ सेकंदांचा हा नियम आमच्याकडे आला कुठून? विंडोजमध्ये चालू प्रोग्रामची फाइल कुलूपबंद असते, तिच्यावर नवी फाइल टाकता येत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक तर प्रोग्राम बंद करायचा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टपर्यंत थांबायचं. आमचे सुरुवातीचे ग्राहक कार्यालयं होती. तिथे रात्री संगणक चालू असतात आणि समोर कुणी नसतं, त्यामुळे साठ सेकंद पुरे वाटले. नंतर तेच सॉफ्टवेअर आम्ही घरी काम करणाऱ्यांना दिलं आणि नियम तसाच राहू दिला. घरी तर रात्रीच माणूस संगणकासमोर असतो! हे आधी सुचायला हवं होतं. तुमच्या आधीही दोघांनी असंच काही कळवलं होतं, आणि ‘सेटिंगमध्ये बदलता येतं’ असं सांगून आम्ही विषय मिटवला होता. मुळातली सेटिंगच धोक्याची असेल तर ती बदलता येते हे उत्तर होऊ शकत नाही.

या आठवड्यात दिलेल्या आवृत्तीतून सक्तीने बंद करण्याचा भाग आम्ही पूर्ण काढून टाकला आहे. सेटिंगमध्ये लपवून ठेवलेला नाही, काढलाच आहे. आता प्रोग्राम चालू असेल तर अपडेट डाउनलोड होऊन बाजूला थांबतं आणि तुम्ही स्वतः प्रोग्राम बंद केल्यावर चढतं. चार दिवस बंद केला नाहीत तर चार दिवस थांबेल. कार्यालयांना जुना नियम हवा असेल तर तो त्यांच्या व्यवस्थापकाला वेगळा चालू करावा लागेल.

प्लगइनचं दुखणं याहून अवघड आहे आणि ते पूर्ण बरं करणं माझ्या हातात नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरची ५७ वी आवृत्ती आली तेव्हा जुन्या पद्धतीची ॲड-ऑन, म्हणजे त्याचे प्लगइनच, एका दिवसात बंद पडली होती, आणि कित्येकांनी केवळ त्यासाठी जुनी आवृत्ती धरून ठेवली. बनवणाऱ्यांनी आतली रचनाच बदलली की अपडेटर काही करू शकत नाही. पण विचारू तर शकतो. आम्ही छोटी दुरुस्ती आणि मोठी उडी यांत फरकच करत नव्हतो. ४.२.१ वरून ४.२.२ आणि ४ वरून ५, दोन्हींना एकच हिरवं बटण. आता मोठी उडी आपोआप घेतली जाणार नाही. आणि जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल आम्ही तुमच्या संगणकावरच ठेवू, म्हणजे मागे फिरता येईल. एक अट मात्र आधीच सांगते. नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. म्हणून मोठी उडी घेण्याआधी चालू कामाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा.

रोज ‘जुना’ दिसणाऱ्या प्रोग्रामचं कारण शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि सापडलं तेव्हा वाईट वाटलं. तो प्रोग्राम स्वतःचं अपडेट स्वतः करतो. त्याने २.१० ही आवृत्ती आपणहून घेतली होती. आमच्या यादीत तोवर २.९ होती. आता २.१० ही २.९ च्या नंतरची, हे माणसाला कळतं. पण आमच्या कोडमध्ये एका ठिकाणी आवृत्तीचे आकडे संख्या म्हणून न पाहता अक्षरं म्हणून पाहिले जात होते. अक्षरांच्या हिशेबात ठिपक्यानंतरचा ९ हा १ पेक्षा मोठा, म्हणजे २.९ ‘नवी’! तुम्ही विश्वासाने ‘अपडेट करा’ दाबत होतात, आम्ही तुम्हाला मागे नेत होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रोग्राम स्वतःला पुन्हा पुढे नेत होता. दोन अपडेटरांची रस्सीखेच चालली होती आणि दोरी तुमची. ही चूक दुरुस्त केली आहे. शिवाय जे प्रोग्राम स्वतःला सांभाळतात त्यांना आम्ही आता हात लावणार नाही, फक्त आवृत्ती दाखवू.

(इतर कुणाला असाच अनुभव येत असेल तर आणखी एक कारण तपासा. एकाच प्रोग्रामच्या ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रती संगणकावर असतात, एक अपडेट होते आणि दुसरी जुनीच राहते. नको असलेली प्रत काढली की प्रश्न सुटतो. काही इन्स्टॉलर तर नवी फाइल टाकतात, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे प्रोग्रामांची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत, आवृत्तीचा जुनाच आकडा ठेवतात. तिथे आम्हीही फसतो.)

आता तुमचं शेवटचं वाक्य. अपडेटर नको म्हणायचं कारण म्हणून तुम्ही १९ जुलै २०२४ चं उदाहरण दिलंत. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं सदोष अपडेट गेलं आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत संगणक अडकून पडदे निळे झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने त्या दिवशी सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. उदाहरण चोख आहे, आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं असं आहे. त्यातून आम्ही एवढं घेतलं की कोणतंही अपडेट सगळ्यांना एकदम पाठवायचं नाही. आधी थोड्यांना, मग वाट पाहायची, मग बाकीच्यांना.

पण तुमच्या यादीत झिप फाइली, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेली पाकिटं, उघडण्यासाठी विनरार आहे, आणि आवृत्ती बरीच जुनी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यात सापडलेलं सुरक्षेतलं भगदाड तब्बल १९ वर्षं तसंच पडून होतं. एका जुन्या फाइल प्रकारासाठीच्या छोट्याशा भागात ते होतं. दुसरं भगदाड ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ आवृत्तीत बुजवलं गेलं, आणि हल्लेखोर ते त्या एप्रिलपासून वापरत होते. तुम्ही पाकिटातलं एखादं साधं चित्र उघडायला जाता आणि त्याच नावाच्या फोल्डरमधला भलताच कोड चालतो. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. नवी आवृत्ती आपणच जाऊन आणायची असते. म्हणजे ‘जे चाललंय ते चालू द्यावं’ हे वाक्य तिथे धोक्याचं ठरतं, कारण चाललेलं असतं आणि तरी दार उघडं असतं. तुमच्याकडे लोक मुलाखतींच्या फाइली बंद पाकिटात पाठवतात असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणून कळकळीने सांगते, आमचं सॉफ्टवेअर परत घेऊ नका हवं तर, पण विनरार आजच अपडेट करा, आणि त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोध घेतल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावरून नको. ब्राउझर आणि पीडीएफ वाचणारा प्रोग्राम, यांचं स्वतःचं अपडेट चालू करा. बाहेरून आलेल्या फाइली जे प्रोग्राम उघडतात ते आधी. ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम हातातलं काम संपेपर्यंत खुशाल जुना राहू दे. सगळं चालू किंवा सगळं बंद अशी निवड तुमच्यापुढे आम्हीच ठेवली होती, आणि तुम्ही बंद निवडलंत यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

वर्षाचं शुल्क पूर्ण परत केलं आहे. ज्या खात्यातून भरलं होतं त्यातच जमा होईल. परीक्षण बदला किंवा तारे वाढवा असं मी म्हणणार नाही, ते त्या रात्रीचं आहे आणि खरं आहे.

लॉग वाचताना आणखी एक गोष्ट दिसली, जी तुम्ही लिहिलेली नाही, कदाचित तुम्हाला माहीतही नसेल. आमचं सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही त्याचं एक ठरलेल्या वेळेचं काम मागे राहतं. ते काही बिघडवत नाही, रोज सकाळी चालू व्हायचा प्रयत्न करतं, फाइल सापडत नाही आणि थांबतं. पण तुम्ही काढा म्हटल्यावर आमचं काहीही तिथे उरायला नको होतं. स्टार्ट मेन्यूत टास्क शेड्युलर शोधून उघडा, डावीकडच्या यादीत आमच्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर असेल. त्यातल्या एकमेव ओळीवर उजवं क्लिक करून डिलीट करा, मग फोल्डरही काढा. नव्या आवृत्तीत ही त्रुटी दुरुस्त झाली आहे, पण तुमच्या संगणकावरचं ते काम तुम्हालाच काढावं लागेल. अडलं तर त्याच जुन्या तक्रारीच्या ईमेलला उत्तर द्या. ती तक्रार आता माझ्या नावावर आहे.