जामीन राहिले तेव्हा कळलं

तीन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसातला एक सहकारी क्रेडिट सोसायटीचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला. गाडीसाठी कर्ज काढायचं होतं, जामीनदार हवा होता. "ताई, तुम्हीच करा सही. तुमचं नाव असलं की कोण प्रश्न विचारत नाही." मी खूश! सोसायटीत क्लार्कने त्याची आणि माझी पगाराची स्लिप एकाच पिनेत टोचली, तेव्हा त्याचा आकडा दिसला. ३१,४००. माझा २४,८००.

ई-वे बिल, म्हणजे माल पाठवतानाचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, कसं काढायचं हे त्याला मी शिकवलेलं. काम तेच, टेबल शेजारचं, नोकरीत मी चार वर्षांनी जुनी. आणि कमी पगाराची बाई जास्त पगाराच्या माणसाला जामीन राहत होती. सही केली. त्याचा काय दोष?

कुंडईहून फोंड्याला, गोव्यातल्या माझ्या घरी, येताना बसमध्ये हिशेब केला. महिन्याला ६,६००, म्हणजे वर्षाला ७९,२००. खरा संताप मात्र घरी आल्यावर, भाताला पाणी ठेवताना आला. आमच्याकडे वाढ टक्क्यांत मिळते. त्या वर्षी सगळ्यांना ८ टक्के मिळणार होते. किती समान न्याय! त्याला २,५१२, मला १,९८४. म्हणजे दोघांना 'सारखं' देत देत फरक आणखी ५२८ रुपयांनी वाढणार.

हे सुरू कुठे झालं ते मला नीट आठवतं. मुलीसाठी तीन वर्षं घरी बसून मी परत नोकरीला लागले. मुलाखतीत विचारलं, आधीचा पगार किती? मी प्रामाणिकपणे जुना, तुटपुंजा आकडा सांगितला आणि वर म्हटलं, "तुम्ही द्याल ते." हे तीन शब्द मला फार महाग पडले. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं संशोधन हेच सांगतं की, स्त्री-पुरुषांच्या कमाईतला फरक पहिल्या मुलानंतर जास्त रुंदावतो. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण जुन्या स्लिपवर नवा पगार ठरला की तो फरक पाठ सोडत नाही, हे मला माझ्या खात्यावर दिसतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी एचआरकडे गेले आणि सगळं चुकीचं बोलले. मुलीची फी, सासूबाईंची औषधं, वाढलेला गॅस. समोरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत ना?"

गोव्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. घरात एक सरकारी नोकरी असली की बाकीच्यांचा पगार वरखर्चाचा. त्यातून बाईचा असेल तर हौसेचा. मी उठून आले. पण चूक माझीही होती. मी गरज सांगितली, काम सांगितलंच नाही. गरज सांगितली की समोरचा दयेच्या भाषेत उत्तर देतो.

गंमत बघा. आपल्याकडे लग्नानंतर नवऱ्याच्या आणि बायकोच्या मालमत्तेत, वेगळा करार नसेल तर, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा. घर विकायचं तर बायकोचीही सही लागते. बाहेरचे लोक गोव्याच्या बायकांचं यावरून केवढं कौतुक करतात! त्याच बायका, त्यात मीही आले, ऑफर लेटरवर आकडा न वाचता सही करतात.

मग मला म्हापशाची आठवण झाली. शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची घेऊन बसणारी बाई बघा. टोपली खाली ठेवली की दर सांगण्याआधी ती शेजारणीला विचारते, "कितल्याक दिता गो?" तिला लाज वाटत नाही, शेजारणीलाही राग येत नाही. दोघी स्पर्धक आहेत, तरी दर दोघींना ठाऊक. आणि आम्ही शिकलेल्या! नऊ वर्षं एकाच डब्यातलं लोणचं खाल्लं, कोणाच्या सासूचं काय, कोणाच्या गर्भाशयाचं काय, सगळं माहीत. पगार मात्र विचारायचा नाही, असभ्यपणा दिसतो. हा असभ्यपणा नेमका कोणाच्या फायद्याचा आहे, याचा विचार मी सोसायटीतल्या त्या पिनेआधी कधी केला नव्हता.

मी डब्याच्या वेळी माझा आकडा सांगून टाकला. आधी शांतता. मग एकीने सांगितला, मग दुसरीने. पाचपैकी चौघी एकाच पायरीवर, पुरुष पुढच्या. पाचवी अजून सांगत नाही. तिची मर्जी.

समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ चा आहे, आता तो २०१९ च्या वेतन संहितेत आला. मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा नावाची स्टेनोग्राफर होती. पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा तिला कमी पगार. १९७७ मध्ये तिची नोकरी गेली, तिने दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनी म्हणाली, युनियनशी तसा करार आहे, शिवाय आमची आर्थिक स्थिती बरी नाही. १९८७ मध्ये न्यायालयाने दोन्ही सबबी नाकारल्या. मी काही कोर्टात जाणार नव्हते. पण 'यंदा कंपनीला जमणार नाही' हे ऐकताना ऑड्रीबाई माझ्या बाजूच्या खुर्चीत बसलेली होती.

दुसऱ्या खेपेला वही घेऊन गेले. वर्षभरात किती डिस्पॅच, ऑडिटला किती दिवस थांबले, पुरवठादाराने रिटर्नमध्ये न दाखवलेली कोणती बिलं मी जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या सरकारी यादीशी, ताडून पकडली आणि त्यामुळे किती इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, बुडता बुडता वाचलं. मग म्हटलं, "३२,०००." आणि गप्प बसले. ते गप्प बसणं सगळ्यात कठीण. जीभ सारखी 'नाहीतर थोडं कमी चालेल' म्हणायला वळवळत होती.

२९,३०० वर मिटलं. बरोबरी झाली नाही, हे सांगायलाच हवं. वाढीव ४,५०० ते 'स्पेशल अलाउन्स'मध्ये टाकत होते. मी ४,००० बेसिकमध्येच घालायला लावले. माझं बेसिक ११,००० होतं, १५,००० झालं. कंपनीचा पीएफ महिन्याला ४८० ने वाढला. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या बेसिकवर धरायचे, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. म्हणजे तोवरच्या नऊ वर्षांवर एका फटक्यात साधारण २०,८०० चा फरक. माझ्या हिश्शाचा पीएफही वाढल्याने वाढीतले ४८० हातात आलेच नाहीत, तेव्हा नवरा म्हणाला, "हे कसलं इन्क्रिमेंट?" त्याला कागद-पेन घेऊन समजावावं लागलं. सरकारी माणूस.

तेव्हापासून मी ऑफिसात 'फार बोलणारी' आहे. साहेबांच्या मुलाच्या मुंजीचं आमंत्रण आलं नाही. आणि काजूच्या कारखान्यात किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला कोणी 'वही घेऊन जा' सांगितलं तर तो आगाऊपणा होईल, हेही कळतं मला. तिला एकटीला कोण विचारतो? तिथे सगळ्यांनी मिळूनच बोलावं लागतं.

परवा भाचीचा फोन आला. पणजीत पहिली नोकरी, ऑफर हातात. "मावशी, किती मागू?" मी तिला आधी माझा आकडा सांगितला, आजचा, रुपयासकट. पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला तर ते आत्ताच तुझ्याहून दोन हजार जास्त देतायत."

मी म्हटलं, "मग शेजारच्या टेबलावरच्या मुलाला किती देतायत ते विचार. आणि मला कळव."