तटस्थ राहून युद्धात कसे उतरावे

सगळ्यात आधी तटस्थतेची घोषणा करा, आणि ती अगदी मनापासून करा. 'लढायचेच आहे तर सरळ लढा' असे सांगणारे भेटतील, त्यांना राज्यकारभारातले काही कळत नाही. पहिले महायुद्ध सुरू होताच, 19 ऑगस्ट 1914 रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जनतेला बजावले होते की नुसत्या कृतीतच नव्हे, विचारांतही निःपक्षपाती राहा. तुम्हीही असेच बोला. विचार कुणाला दिसत नाहीत, आणि कृतीकडे आपण पुढे पाहूच.

(भारताला या कामी काहीच कष्ट पडले नाहीत. आपल्या वतीने युद्ध लंडनने पुकारले, आपल्याला कळवण्यात आले.)

आता दुकान उघडा. दोन्ही पक्षांना सारखाच माल, सारखाच भाव. ब्रिटिश आरमाराने जर्मनीचा समुद्र अडवल्यामुळे एकच गिऱ्हाईक पायरी चढू शकत असेल, तर तो तुमचा दोष नव्हे. ब्रिटनला निषेधाचे खलिते मात्र जरूर पाठवा. ते नम्र असावेत आणि उत्तराची घाई नसावी.

गिऱ्हाइकाजवळची रोकड संपली की खरी कसोटी लागते. विल्सन यांचे परराष्ट्रमंत्री ब्रायन भाबडे होते. लढणाऱ्या देशांना कर्ज देणे तटस्थतेला धरून नाही, असे ते 1914 च्या ऑगस्टमध्येच म्हणून बसले. अशा वेळी वाद घालू नये. ऑक्टोबरात 'कर्ज नको, पण बँकांनी मालापुरती उधारी द्यायला हरकत नाही' असे हळूच कळवावे. एवढी फट पुरते. 1915 च्या शरदात न्यूयॉर्कच्या मॉर्गन या बँक कंपनीच्या पुढाकाराने ब्रिटन-फ्रान्सला थेट 50 कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. ब्रिटनसाठी अमेरिकेत खरेदी करण्याची आडतही याच कंपनीकडे, एक टक्का दलालीवर. 1917 च्या वसंतापर्यंत ब्रिटन-फ्रान्स आदी दोस्त राष्ट्रांकडे सुमारे 230 कोटी डॉलर अडकले होते. जर्मनीकडे तीन कोटीसुद्धा नव्हते. तरीही तुम्ही तटस्थच. फक्त आता एका बाजूचा पराभव तुम्हाला परवडणारा नाही.

पैशांवर माणसे चिडत नाहीत, म्हणून नागरिकांचा जीवही मध्ये हवा. लढणाऱ्या देशाच्या जहाजातून हिंडणे हा आपल्या माणसांचा हक्क आहे असे जाहीर करा. 1 मे 1915 रोजी 'लुसिटानिया' ही ब्रिटिश प्रवासी बोट न्यूयॉर्कहून निघाली, त्याच सकाळी वृत्तपत्रांत जर्मन वकिलातीची सूचना होती: प्रवास कराल तो स्वतःच्या जोखमीवर. जहाजात प्रवासी होते आणि रायफलींची काडतुसेही होती. 7 मे रोजी आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीचा पाणतीर लागला आणि जवळजवळ बाराशे माणसे गेली, त्यांत 128 अमेरिकन. ब्रायन म्हणाले, दारूगोळ्याच्या रक्षणासाठी प्रवाशांना पुढे करू नये, जर्मनीला सुनावता तसे ब्रिटनलाही सुनवा. जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. असे मंत्री स्वतःहून जातात, हा या मार्गाचा मोठा फायदा. 'सशस्त्र जहाजांतून प्रवास करू नका' असे नागरिकांना सांगणारा ठराव 1916 मध्ये अमेरिकी संसदेत, म्हणजे तिथल्या काँग्रेसमध्ये, आला, तोही विल्सन यांनी बाजूला सारायला लावला.

मग निवडणूक येईल. 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले' या घोषणेवर ती जिंका. घोषणा भूतकाळात आहे, हे ध्यानात घ्यावे. भविष्याविषयी शब्दही देऊ नये.

एवढी तयारी झाल्यावर बाकीचे शत्रू करतो. जर्मनीने 1 फेब्रुवारी 1917 पासून पाणबुड्या मोकाट सोडल्या. शिवाय 'टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देतो, आमच्या बाजूने या' असे मेक्सिकोला सांगणारी तार केली, ती ब्रिटिशांनी पकडून उलगडली. इतका आज्ञाधारक शत्रू सगळ्यांच्याच नशिबी नसतो. 6 एप्रिलला प्रतिनिधिगृहात 373 विरुद्ध 50 मतांनी युद्ध पुकारण्याचे काम झाले. कारण म्हणून जगातली लोकशाही सुरक्षित करण्याचे सांगितले गेले. उधारीचा उल्लेख भाषणात नसावा.

आता तटस्थतेची आठवण काढणाऱ्यांची सोय पाहायची. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला. पुढच्या वर्षी समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना एका युद्धविरोधी भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. चार वर्षांपूर्वी विचारांतसुद्धा निःपक्षपाती राहा म्हणून सांगितले होते, असा बचाव कोर्टात चालत नाही.

पुढे चौकशी होईल म्हणून घाबरू नका. ती 1934 मध्ये झाली. बँकवाल्यांना आणि शस्त्रे विकणाऱ्यांना सिनेटच्या समितीसमोर बसवले गेले, आणि 1935 मध्ये अमेरिकेने तटस्थतेचा कडक कायदा केला. 1939 च्या नोव्हेंबरात तो सैल करण्यात आला: माल रोखीने घ्या आणि आपल्याच जहाजातून न्या. समुद्र पुन्हा ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात होता.