रकाने दहा, मत एकच

वैद्यकीय शिक्षकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'क्लिनिकल पोस्टिंगचे (विद्यार्थ्याच्या वॉर्डातल्या प्रशिक्षणाचे) गुण दहा रकान्यांच्या फॉर्मवर द्या. फॉर्मची विश्वासार्हता सिद्ध झालेली आहे, अनुभवी शिक्षकाची नजर चुकत नाही आणि वशिलाही बंद होतो.' विदर्भातल्या गावखेड्याकडच्या कॉलेजात असे फॉर्म मी वर्षानुवर्षं भरलेत, म्हणून बोलतो.

विश्वासार्हतेचा पुरावा काय, तर अल्फा ०.९ (अल्फा म्हणजे विश्वासार्हता मोजायचा एक आकडा, एकच्या जितका जवळ तितका चांगला). पण अल्फा एवढंच सांगतो की दहाही रकान्यांतले आकडे एकमेकांशी जुळतात. जुळणारच! पोस्टिंग संपताना समोर चाळीस फॉर्म. पोरगा चुणचुणीत होता एवढं आठवलं, की हिस्टरी (रुग्णाला विचारून घेतलेली माहिती) चार, तपासणी चार, रुग्णाशी संवाद चार. वक्तशीरपणालाही चार, राउंडला रोज उशिरा यायचा हे सही केल्यावर आठवतं. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांना १९२० मध्येच लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात हे दिसलं होतं. त्यालाच हेलो इफेक्ट म्हणतात. खरा प्रश्न वेगळा आहे: त्याच पोराला दुसऱ्या शिक्षकाने किती दिले असते? अल्फाला ते ठाऊक नसतं.

अनुभवी नजर असते, मान्य. पण ती पडते कशावर? आपण ऐकतो ते खाटेजवळचं प्रेझेंटेशन. आजी "पोट दुखून रायलं ना बापू" म्हणाली तेव्हा मुंबईहून आलेल्या पोराने पुढे काय विचारलं, हे पाहायला आपण तिथे नसतोच. त्यात सिकलसेलच्या रुग्णावर झकास बोलणारा फवारणीतल्या विषबाधेसमोर अडखळतो. एका केसवरून दुसरीचा अंदाज लागत नाही.

वशिल्याचं म्हणाल, तर फॉर्मवर चांगला-वाईट असा फरकच उरत नाही: दोन गुण दिले की खुलासा लिहावा लागतो, म्हणून सगळे तीन-चारात बसतात.

रकाने वाढवून काही साधत नाही, निरीक्षणं वाढवावी लागतात. समजा, एका निरीक्षणाची विश्वासार्हता ०.३ आहे. वेगवेगळ्या शिक्षकांची, वेगवेगळ्या रुग्णांवरची आठ निरीक्षणं एकत्र केली, तर निरीक्षणं वाढल्यावर विश्वासार्हता किती होईल हे सांगणाऱ्या स्पिअरमन-ब्राउन सूत्राने ती ०.७७ वर जाते. नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या मिनी-सीईएक्स या छोट्या प्रात्यक्षिक परीक्षेमागे हाच विचार आहे: एक रुग्ण, पंधरा-वीस मिनिटं, शिक्षक प्रत्यक्ष समोर, आणि काय चुकलं ते तिथल्या तिथे सांगणं. आमच्या युनिटात शिक्षक चारच. तरी प्रत्येकाने एका पोराला पोस्टिंगभरात दोनदा पाहिलं की आठ होतात. त्याला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो.