पदवीधर यादीत नाव घातल्याने मताचा हक्क जात नाही: विधान परिषदेविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

‘विधान परिषद म्हणजे न निवडलेल्यांची सभा, ती आजच बरखास्त करा’ अशा आशयाचा एक लांबलचक संदेश गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यात मुख्यतः सहा गोष्टी सांगितल्या आहेत. परिषदेतला एकही सदस्य जनतेने निवडलेला नसतो. पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवले की विधानसभेच्या यादीतून ते आपोआप कापले जाते. परिषद ही इंग्रजांच्या हाउस ऑफ लॉर्ड्सची नक्कल आहे. विधानसभेने केलेले कायदे ती कायमचे अडवू शकते. बाबासाहेब आंबेडकरांचा तिला विरोध होता. आणि महाराष्ट्राला तिच्यापासून आजवर काहीही मिळालेले नाही. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. परंतु सांगलीत राहणाऱ्या माझ्या भाचीने पदवीधर मतदारसंघाच्या नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८, भरून, पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडून तयार ठेवला होता, आणि हा संदेश सासरच्या ग्रुपवर आल्यावर तिने तो अर्ज तहसील कार्यालयात दिलाच नाही. ‘मामा, खरं मत जाणार असेल तर हे नको,’ एवढेच ती म्हणाली. शिकलेली, विचार करून मत देणारी एक मतदार एका खोट्या वाक्यामुळे यादीबाहेर राहणार असेल तर गप्प बसणे योग्य नव्हे, म्हणून हे लिहितो आहे.

सर्वांत आधी त्याच खोट्या वाक्याविषयी. पदवीधर मतदारसंघाची यादी लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २७ नुसार स्वतंत्रपणे तयार होते. अर्जदार त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा आणि अर्हता दिनांकाच्या, म्हणजे ज्या तारखेला पात्रता मोजली जाते तिच्या, किमान तीन वर्षे आधी त्याने पदवी मिळवलेली असावी, एवढ्याच त्यातल्या मुख्य अटी आहेत. या यादीत नाव आल्यावर विधानसभेच्या यादीतले नाव वगळावे, असे त्या कलमात कोठेही म्हटलेले नाही आणि प्रत्यक्षातही तसे होत नाही. लोकसभा, विधानसभा आणि महानगरपालिकेला मत देणारा माणूस पदवीधर मतदारसंघातही मत देतो. तो शिक्षक असेल आणि तिथल्या अटी पूर्ण करत असेल तर शिक्षक मतदारसंघातही देतो. खरी अडचण वेगळीच आहे आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने केली जाते, त्यामुळे सहा वर्षांपूर्वी नाव होते म्हणून यंदाही असेल असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक वेळी पुन्हा अर्ज करावा लागतो. ज्यांना हे ठाऊक नसते ते मतदानाच्या दिवशी केंद्रावरून हात हलवत परत येतात. पदवीधरांपर्यंत पोहोचायला हवी होती ती ही माहिती, आणि पोहोचली मात्र तिच्या नेमकी उलट भीती.

या अफवेमुळे होणारे नुकसान एका मतापुरते नाही. पदवीधरांनी नोंदणीच केली नाही तर यादीत उरतात ती पक्षांच्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षणसंस्थांच्या चालकांनी गठ्ठ्याने भरून दिलेली नावे. मग निकाल त्यांच्याच हाती जातो आणि ‘ही निवडणूक जनतेची नाहीच’ असे म्हणायला संदेश लिहिणारा पुन्हा मोकळा होतो. त्याच्या पहिल्या दाव्याला खरेपणा मिळवून देण्याचे काम त्याचा दुसरा दावा करतो, आणि म्हणूनच सहा दाव्यांमध्ये मला हा सर्वांत घातक वाटतो.

आता पहिला दावा. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांपैकी ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी आणि उरलेल्या १२ राज्यपालांनी नामनियुक्त करायच्या, अशी त्यांची वाटणी राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे झालेली आहे. म्हणजे ७८ पैकी ६६ जागांवर निवडणूक होते. त्यांपैकी ५२ जागांवर ती अप्रत्यक्ष असते हे खरे आहे; परंतु जे आमदार, नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य तेथे मत देतात त्यांना लोकांनीच निवडलेले असते. राज्यसभेचीही बहुतांश निवड अशीच होते. उरलेल्या १४ जागांवर मतदार स्वतः केंद्रावर जाऊन, कागदी मतपत्रिकेवर, केंद्रावर दिलेल्याच पेनने पसंतीक्रमाचे आकडे लिहून मत देतो.

हे मतदान नाममात्र असते असे कोणाला वाटत असेल तर त्याने तीन निकाल पाहावेत. नागपूर पदवीधर हा अनेक दशके भारतीय जनता पक्षाचा मतदारसंघ मानला जात होता. नितीन गडकरी तेथून पंचवीस वर्षे निवडून येत राहिले, त्यांच्याआधी गंगाधरराव फडणवीस यांनी त्याचे प्रतिनिधित्व केले होते. डिसेंबर २०२० मध्ये तेथील मतदारांनी काँग्रेसच्या अभिजित वंजारी यांना निवडून दिले, आणि पराभूत उमेदवार शहराचे तेव्हाचे महापौर होते. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघात भाजपचे माजी राज्यमंत्री रणजित पाटील हरले आणि नागपूर शिक्षक मतदारसंघात सुधाकर अडबाले जिंकले. त्या प्रचारात जुन्या पेन्शनचा प्रश्न अग्रभागी होता. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही, हा तो प्रश्न. निकालानंतर दीड महिन्यात, मार्च २०२३ मध्ये, राज्यातील सरकारी कर्मचारी याच मागणीसाठी संपावर गेले. विनाअनुदानित शाळांचे अनुदान, शिक्षकांची थकलेली देयके, प्राध्यापकांच्या रखडलेल्या भरती यांवर तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना सातत्याने देतात ते याच १४ जागांवरचे आमदार. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत रस्ते, पाणी आणि विजेच्या प्रश्नांखाली हे विषय दबून जातात.

तरीही या पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. विधानसभेला किंवा लोकसभेला पडलेल्या नेत्यांची सोय परिषदेत केली जाते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागांसाठी नगरसेवकांना सहलीला नेऊन ठेवण्याचे प्रकार जिल्ह्याजिल्ह्यात सर्वांना माहीत आहेत. राज्यपालनियुक्त जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठी आहेत, ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर यांच्यासारखी माणसे त्यांवर बसलेली या सभागृहाने पाहिली आहेत, आणि आज त्याच जागा मुख्यतः पक्षीय हिशेबाने भरल्या जातात. पदवीधरांना एक जादा मत आणि शेतमजुराला नाही, यामागचे १९४९ सालचे कारण आज पटण्यासारखे राहिलेले नाही. शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकांना मत नाही, हे तर उघडच अन्यायाचे आहे. परंतु यातली प्रत्येक तक्रार जागा कशा भरल्या जातात याविषयीची आहे, आणि तिच्यावरून ‘एकही सदस्य निवडलेला नसतो’ असा निष्कर्ष निघत नाही.

लॉर्ड्सच्या नकलेचा मुद्दा थोडक्यात निकाली काढता येतो. ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात जनतेच्या मताने, थेट किंवा अप्रत्यक्ष, कोणीही येत नाही. तेथे मुख्यतः तहहयात नेमलेले सदस्य आणि इंग्लंडच्या चर्चचे २६ बिशप बसतात, आणि १९९९ च्या सुधारणेनंतरही ९२ जागा वंशपरंपरागत उमरावांसाठी राखून ठेवल्या होत्या. आपल्या परिषदेत वारसाहक्काची एकही जागा नाही, कोणीही तहहयात नाही, सहा वर्षांनी प्रत्येकाची मुदत संपते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

कायदे कायमचे अडवण्याचा दावा मात्र सरळसरळ चुकीचा आहे आणि राज्यघटना उघडून पाहण्याचेही कष्ट न घेता केलेला आहे. अनुच्छेद १९७ नुसार विधानसभेने संमत केलेले साधे विधेयक परिषद पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीन महिने रोखू शकते. विधानसभेने ते पुन्हा संमत केले की परिषदेच्या हाती आणखी फक्त एक महिना उरतो, आणि त्यानंतर तिच्या संमतीवाचूनही विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. धन विधेयकाच्या, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाविषयीच्या विधेयकाच्या, बाबतीत तर केवळ चौदा दिवस मिळतात. मंत्रिमंडळ अनुच्छेद १६४ प्रमाणे विधानसभेला जबाबदार असते, परिषदेला नव्हे. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना परिषदेचे सदस्य होते. पण जून २०२२ मध्ये विधानसभेतील बहुमताचा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्या सदस्यत्वाने त्यांचे पद वाचले नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही परिषदेच्या सदस्यांना मत नाही.

मग चार महिन्यांच्या विलंबाने साधते काय? आंध्र प्रदेशात काय घडले ते पाहावे. राज्याला एकाऐवजी तीन राजधान्या देणारे विधेयक तेथील विधानसभेने संमत केल्यावर जानेवारी २०२० मध्ये परिषदेच्या सभापतींनी ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवले. संतापलेल्या सरकारने काही दिवसांतच परिषद बरखास्त करण्याचा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला. विधेयक पुन्हा संमत होऊन त्याच वर्षी जुलैअखेर त्याचा कायदा झाला, म्हणजे परिषदेने तो कायमचा अडवला नाही, अडवू शकतही नव्हती. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच सरकारने तो कायदा स्वतःहून मागे घेतला, आणि लगोलग परिषद बरखास्तीचा ठरावही मागे घेतला. ज्या विधेयकावर थांबून विचार करा असे परिषदेने म्हटले होते ते दोन वर्षांच्या आत सरकारलाच मागे घ्यावे लागले. त्या राज्याने तर १९८५ मध्ये परिषद बरखास्त करून २००७ मध्ये ती पुन्हा स्थापन केली होती. ‘इतर राज्यांत परिषद नाही आणि तिथे काही अडत नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने हा इतिहास पाहायला हवा होता.

बाबासाहेबांचे नाव संदेशात ज्या पद्धतीने वापरले आहे ते मला विशेष खटकले. १९४९ मध्ये घटना समितीत बोलताना आपण दुसऱ्या सभागृहाचे फारसे आग्रही नाही आणि ही व्यवस्था प्रयोग म्हणून आणली जात आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली होती, हे खरे. परंतु त्यांनी प्रयोगाला विरोध केला नाही; तो मागे घेण्याचा सोपा मार्ग मसुद्यात ठेवला. तोच आजचा अनुच्छेद १६९ होय. राज्याच्या विधानसभेने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव करावा, मग संसदेने साधा कायदा करून परिषद स्थापन किंवा रद्द करावी, अशी ती तरतूद आहे. कोणत्या प्रांताला परिषद हवी हेही घटना समितीतील त्या त्या प्रांताच्या सदस्यांच्या मतावर सोपवलेले होते. या सगळ्याला ‘विरोध’ म्हणणे म्हणजे त्यांच्या म्हणण्यातला सोयीचा अर्धा भाग उचलणे होय.

महाराष्ट्राला काही मिळाले नाही, या दाव्यासाठी एकच नाव पुरेसे आहे. वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी मांडली, साठच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिचे मोल राज्याला कळले, १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर आला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. ही योजना एकट्या परिषदेची निर्मिती आहे असे मी म्हणणार नाही. सरकार, विरोधक आणि दुष्काळात मोर्चे काढणाऱ्या बायका-पुरुषांचा तिच्यात मोठा वाटा आहे. पण दर पाच वर्षांनी मतदारसंघ सांभाळण्याची चिंता नसलेला एक माणूस वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करू शकला, आणि तो बसत होता वरच्या सभागृहात.

ज्यांना परिषदेचा राग आहे त्यांनी तो योग्य ठिकाणी काढावा. राज्यपालनियुक्त बारा जागांसाठी नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावे पाठवली. त्यांवर निर्णय झालाच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय व्हायला हवा असे म्हटले, तरीही जागा रिकाम्याच राहिल्या, आणि त्यांपैकी सात भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत सभागृहाला पूर्णवेळ सभापती नव्हता. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्यामुळे स्थानिक संस्थांच्या जागांना मतदारच उरले नाहीत आणि त्या एकामागून एक रिक्त होत गेल्या. यांतला कोणताही दोष परिषदेच्या रचनेतून आलेला नाही.

रचनेतले दोष दूर करायला परिषद बरखास्त करावी लागत नाही, आणि त्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. अनुच्छेद १७१ च्या दुसऱ्याच खंडात म्हटले आहे की संसद कायद्याने अन्यथा तरतूद करेपर्यंतच सध्याची रचना लागू राहील. प्राथमिक शिक्षकांना मत देणे, पदवीची अट काढून टाकणे, स्थानिक संस्थांच्या जागा थेट मतदारांकडे सोपवणे, हे सर्व संसदेला साध्या कायद्याने करता येईल. पदवीधर मतदारसंघात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, त्याच्या पक्षाचे खासदार याविषयी काय करणार आहेत, हे विचारता येते. ते विचारण्यासाठी मात्र नमुना १८ मुदतीत भरून दिलेला असावा लागतो.