शाळेच्या सोलरबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

'शाळेच्या छतावर सोलर बसवा, सरकार ७८ हजार देते, बिल कायमचे शून्य, वीज गेली तरी पंखे चालू' असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. हेतू चांगला आहे, पण त्यातली माहिती चुकीची आहे.

७८ हजारांचे अनुदान केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे, आणि ते घरगुती ग्राहकांसाठी आहे. योजनेच्या नियमांतच तसे लिहिले आहे. शाळेला ते धरून हिशेब मांडता येणार नाही.

बिल शून्य होत नाही, कारण स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, भरावाच लागतो. वीजबिल काढून पाहा, तो वेगळ्या ओळीत असतो. बचत मात्र खरी आहे. आपल्याकडे १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, म्हणजे ५ किलोवॅटला महिन्याला ६०० च्या आसपास. शाळा दिवसाच भरते, त्यामुळे बरीचशी वीज तिथल्या तिथे वापरली जाते. मे महिन्यात ऊन भरपूर आणि वर्ग बंद. तेव्हाचे जादा युनिट नेट मीटरिंगमध्ये (वीज कंपनीला दिलेले युनिट पुढच्या बिलांतून वजा करण्याची सोय) जमा होतात आणि पावसाळ्यात कामी येतात. जमा युनिटचा हिशेब आर्थिक वर्षाबरोबर मार्चअखेर मिटवला जातो, त्यामुळे हे वेळापत्रक शाळेच्या पथ्यावरच पडते! फक्त मंजूर भारापेक्षा (वीज कंपनीने शाळेच्या जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॅटपेक्षा) मोठा संच बसवता येत नाही, हे आधी तपासा.

वीज गेली की बॅटरी नसलेला संचही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र) तसाच बनवलेला असतो.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.